सोलापूर ते टांगलांग ला : जेट की इंजेक्टर?

सोलापूरकराला लडाखला जायचं तर रस्ता शोधावा लागत नाही. राष्ट्रीय महामार्ग ५२ समुद्राजवळच्या अंकोल्यापासून निघतो, हुबळी-विजापूर करत सोलापुरात येतो आणि पुढे तुळजापूर, धाराशिव, बीड, छत्रपती संभाजीनगर, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, हिसार असा थेट पंजाबातल्या संगरूरपर्यंत जातो. तुळजापूर नाक्यावर गाडीचं तोंड उत्तरेला केलं की महामार्गाचा क्रमांक न बदलता पंजाब येतो. संगरूरनंतर चंदीगड, मग मनाली आणि मग हिमालय.

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे. मनाली-लेह रस्त्यावरची सर्वांत उंच खिंड, टांगलांग ला, ५,३२८ मीटरवर. या दोन उंचींच्या मध्ये हवा विरळ होत जाते आणि हवा बदलली की इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं हा हिशेब बदलतो. तो हिशेब पितळेच्या जेटनं करायचा की संगणकानं, यावर आमच्या शुक्रवार पेठेत निघण्याच्या कितीतरी आधीपासून कट्ट्यावर वाद चालू होते. माझी गाडी कार्ब्युरेटरवाली, जुनी, ३५० सीसी. मावसभावाची इंजेक्शनवाली, नवी, चारशे सीसीच्या आसपासची. दोन्ही गाड्यांची नावं मुद्दाम देत नाही, कारण मला ज्याबद्दल लिहायचंय ते कंपनीबद्दल नाही. एकाच रस्त्यावर, एकाच पंपाचं पेट्रोल पिऊन, शेजारी शेजारी चाललेल्या दोन पद्धतींबद्दल आहे.

पेठेतल्या एका बोळात अण्णांचं गॅरेज आहे. दोन गाड्या आत मावतात, बाकीच्या रस्त्यावर उभ्या. निघायच्या आठवड्यात अण्णांनी माझा कार्ब्युरेटर काढून वर्तमानपत्रावर मांडला. फ्लोट, निडल व्हॉल्व्ह, पायलट जेट, मेन जेट, स्लाइड आणि स्लाइडमधली लांब सुई. टाकीतलं पेट्रोल वजनानं खाली उतरतं आणि वाटीत साठतं. वाटी भरली की फ्लोट वर उचलला जाऊन वाट बंद होते, घरावरच्या पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखी. इंजिन हवा ओढतं तेव्हा ती हवा अरुंद गळ्यातून जाते, तिथं तिचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि त्या कमी दाबामुळे वाटीतलं पेट्रोल जेटच्या भोकातून वर येऊन हवेत मिसळतं. पंप नाही, वायर नाही. १८९०च्या दशकात युरोपात माणसांनी जे शोधलं ते तत्त्व शंभर वर्षं जसंच्या तसं चाललं.

अण्णा जेटमध्ये कधी तार घालत नाहीत. पेट्रोलनं धुऊन हवा मारतात. “तार घातली की भोक मोठं होतंय. डोळ्याला दिसणार नाही, पण गाडी पेट्रोल प्यायला लागती,” ते म्हणाले. मग जेट उजेडाकडे धरून त्यांनी मला त्यातून बघायला लावलं. “हे बघ, ह्यात लपवाछपवी काही नाही. पेट्रोल कुठनं येतंय, कुठं जातंय, सगळं दिसतंय. रस्त्यात बंद पडली तर तू स्वतः उघडशील.” त्यांनी मला ते स्वतःच्या देखरेखीखाली पुन्हा पुन्हा उघडायला आणि जोडायला लावलं. मग एका छोट्या डबीत एक लहान नंबरचा मेन जेट, सुईच्या जादा क्लिपा, वाटीचं गॅस्केट आणि एक प्लग घालून दिला. भावाच्या गाडीसाठी त्यांच्याकडे फ्यूज होते, बॅटरीचे टर्मिनल घट्ट करून त्यावर व्हॅसलीन लावणं होतं आणि त्यांच्या पुतण्याच्या हातातला स्कॅनर होता. पुतण्यानं तो गाडीला जोडला, पडद्यावरचे आकडे वाचले, “कोड काही नाही” म्हणाला आणि काम संपलं.

भारतीय मोटरसायकलींत कार्ब्युरेटरकडून इंजेक्शनकडे हा बदल हळूहळू आला आणि मग एका दिवसात जवळपास पूर्ण झाला. २००६ साली हीरो होंडानं ग्लॅमर एफआय आणली, रोजच्या वापराच्या गाडीत इंजेक्शन असलेल्या इथल्या पहिल्या गाड्यांपैकी एक. पुण्याच्या बजाजनं २००७ साली पल्सर २२० इंजेक्शनसह काढली आणि २००९ साली तीच गाडी कार्ब्युरेटर लावून कमी किमतीत विकायला ठेवली. म्हणजे तेव्हा बाजारानं मागं जाणंही मान्य केलं होतं. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ५०० ला २००९ साली इंजेक्शन होतं, क्लासिक ३५० ला कार्ब्युरेटर. ज्या गाडीचं नावच हिमालयन, ती २०१६ साली कार्ब्युरेटर घेऊन आली आणि २०१७ साली बीएस-४ च्या प्रदूषण नियमांबरोबर तिला इंजेक्शन मिळालं. हीरोची एक्सपल्स २०० तर २०१९ साली दोन्ही प्रकारांत मिळत होती, गिऱ्हाइकानं निवडायचं. मग १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ लागू झालं आणि निवड जवळपास संपली.

कारण साधं आहे. धुरातले विषारी वायू मारणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करायला एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा हे वजनी प्रमाण सतत सांभाळावं लागतं. सायलेन्सरच्या तोंडाशी असलेला ऑक्सिजन सेन्सर दर क्षणी सांगतो की प्रमाण चुकतंय, आणि संगणक इंजेक्टर किती हजारांश सेकंद उघडा ठेवायचा ते ठरवतो. पितळेच्या भोकाला हे जमत नाही. शहरात राहणाऱ्या सगळ्यांच्या फुप्फुसांच्या दृष्टीनं तो निर्णय योग्य होता, असं मला वाटतं आणि हे मी कार्ब्युरेटरवर जीव असलेला माणूस म्हणून लिहितो.

आम्ही जूनच्या मध्यात निघालो. येडशीचा घाट, बीड, मग औट्रम घाट उतरून चाळीसगाव, धुळे. सातपुडा ओलांडून सेंधव्याचा बिजासन घाट. इथपर्यंत दोन गाड्यांमध्ये सांगण्यासारखा फरक नव्हता. सकाळी मी चोक ओढायचो आणि मिनिटभर थांबायचो. तो बटण दाबायचा. पेट्रोल त्याला माझ्यापेक्षा कमी लागायचं, पण रस्ता सपाट होता आणि पंप दर काही किलोमीटरवर.

पहिला फरक दिसला राजस्थानात. झालावाड सोडून दर्र्याच्या जंगलातून कोट्याकडे जाताना हवा अंगाला चटके देत होती. उन्हाची सवय सोलापूरकराला असतेच, पण तिथला रस्ता आणि तिथलं ऊन दोन्ही लांब होते. ढाब्यावर ताक पिऊन परत आलो तर माझी गाडी चालू होईना. चालत्या गाडीला वारा लागतो. थांबलेल्या गाडीचं इंजिन आपली सगळी उष्णता वर सोडतं आणि ती कार्ब्युरेटरच्या वाटीत जाते. वाटीतलं पेट्रोल उघड्या हवेच्या दाबाखाली असतं, ते उकळायला लागतं, वाफ होते, कधी जास्तीचं पेट्रोल उतू जाऊन इंजिनात जातं. ओलं फडकं कार्ब्युरेटरवर ठेवलं, प्लगची कॅप काढून किका मारल्या, थोडा वेळ सावलीत थांबलो आणि गाडी चालू झाली. भावाच्या गाडीत पेट्रोल पंपानं सुमारे तीन बार दाबाखाली ठेवलेलं असतं. दाबाखालचं पेट्रोल सहज उकळत नाही. त्याला काहीच झालं नाही.

पण त्याच दिवशी मी त्याला एक गोष्ट सांगितली जी अण्णांच्या पुतण्यानं मला सांगितली होती. इंजेक्शनच्या गाडीचा पेट्रोल पंप टाकीच्या आत बुडालेला असतो आणि भोवतीचं पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. टाकी सतत तळाला नेली, शेवटचा काटा लुकलुकेपर्यंत ताणली, तर पंप तापतो आणि तळाचा गाळ ओढतो. माझ्या गाडीत रिझर्व्हचा कॉक फिरवून शेवटच्या थेंबापर्यंत जाता येतं. त्याच्या गाडीत तसं करू नये. ही सवय सोलापूर-पुणे करणाऱ्यालाही लावून घ्यायला हरकत नाही.

पेट्रोलचा विषय निघालाच आहे तर इथेनॉलचंही बोलायला हवं, कारण त्याचा आमच्या जिल्ह्याशी संबंध आहे. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने इतके आहेत की गळीत हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांमागं चालण्यातच वेळ जातो. आता त्याच उसातलं इथेनॉल पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत येतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबरांना फुगवतं. माझ्या कार्ब्युरेटरचा निडल व्हॉल्व्ह आणि वाटीचं गॅस्केट अण्णांनी त्यासाठीच नवं घातलं. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून त्याच जेटमधून येणारं मिश्रण जरा पातळ पडतं. ऑक्सिजन सेन्सरवाली गाडी हे ओळखून इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवते. कार्ब्युरेटरला कळत नाही, त्याला माणसानं सांगावं लागतं.

जयपूर, सीकर, चुरू, हिसार हे सगळं आम्ही पहाटे आणि संध्याकाळी पार केलं. त्याबद्दल वेगळं लिहायला हवं. इथं ते मोटरसायकलीच्या पोटाशी संबंधित नाही. संगरूरला महामार्ग ५२ सोडताना मात्र आम्ही दोघंही जरा थांबलो. घरापासून निघालेला रस्ता तिथं संपतो.

मनालीपासून खरी परीक्षा. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेल्या ९ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यामुळे रोहतांग खिंड चढावी लागत नाही; बोगद्यातून बाहेर पडलं की लाहौलचं कोरडं खोरं समोर येतं. टांडीला पेट्रोल पंप आहे आणि तिथं पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी आहे. त्या पाटीपाशी सगळे मोटरसायकलवाले थांबतात, फोटो काढतात आणि कॅन भरतात. माझ्या गाडीला खालच्या मुलखात जे मायलेज मिळतं त्या हिशेबानं एक टाकी जेमतेम पुरली असती. पण वर मायलेज तसं राहणार नव्हतं, म्हणून मी कॅन घेतला. भावानंही घेतला, तो जास्त सावधगिरी म्हणून.

उंचीवर काय होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. पाच हजार मीटरच्या पुढे हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास उरते. इंजिन प्रत्येक फेरीत ठराविक घनफळाची हवा ओढतं. घनफळ तेच, पण त्यातला ऑक्सिजन चाळीस टक्के कमी. कार्ब्युरेटरच्या गळ्यातून जाणाऱ्या विरळ हवेनं दाबातला फरकही कमी निर्माण होतो, त्यामुळं पेट्रोलही थोडं कमी येतं, पण हवा ज्या प्रमाणात घटते त्या प्रमाणात पेट्रोल घटत नाही. ते फक्त घनतेच्या वर्गमुळाच्या हिशेबानं घटतं. गणित मांडलं तर पाच हजार मीटरवर मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी जास्त होतं. व्हॅक्यूमवर डायफ्रॅम उचलणारे नवे कार्ब्युरेटर यातलं थोडं भरून काढतात, पूर्ण नाही. न जळलेलं पेट्रोल काजळी होऊन प्लगवर बसतं, सायलेन्सरमधून काळा धूर येतो आणि गाडी दम टाकते.

जिस्पाला मी एअर स्क्रू अर्धा आटा बाहेर काढला आणि आयडलिंग वाढवलं. झिंगझिंगबारपर्यंत ते पुरलं. त्यानंतर बारालाचा ला च्या चढावर गाडी मिसिंग मारायला लागली. दुसरा गिअर ओढेना, पहिल्यात चढवावी लागली. सूरजतालच्या पुढे भाऊ मागून आला आणि काच वर करून ओरडला, “दादा, काळा धूर सोडलालीय बे तुझी गाडी!” खिंडीवर, ४,९०० मीटरच्या आसपास, वाऱ्यात उभं राहून प्लग काढला. कोरडी, मखमली काजळी. दुसरा प्लग घातला आणि सरचूपर्यंत उतरलो.

सरचूला तंबूच्या आडोशाला, हातमोजे काढून, मी कार्ब्युरेटर उघडला. इथं अण्णांची तालीम कामाला आली. सुईवर खाचा असतात आणि एका बारीक क्लिपनं सुई स्लाइडमध्ये अडकवलेली असते. क्लिप वरच्या खाचेत घातली की सुई खाली जाते, जेटचं तोंड जास्त झाकलं जातं, पेट्रोल कमी येतं. मेन जेट काढून लहान नंबरचा घातला. एवढंच काम. पण सरचूच्या थंडीत बोटं बधिर होतात आणि नखाएवढी क्लिप वाळूत पडली तर सापडत नाही. खाली टॉवेल अंथरून केलं. दुसऱ्या सकाळी चोक ओढून, खूप किका मारून गाडी चालू झाली. भावाची बटणावर. त्या सकाळी तंबूवाल्यांकडे चहा पिताना चार-पाच गाड्यांचे मालक आपापल्या गाड्यांशी झगडत होते आणि सगळ्यांच्या गाड्या कार्ब्युरेटरच्या होत्या.

गाटा लूप्सची एकवीस वळणं माझ्या गाडीनं बारालाचापेक्षा चांगली चढली, म्हणजे केलेला बदल योग्य होता. नकी ला ओलांडल्यावर आम्ही गाड्या बदलल्या. लाचुंग ला पाच हजार मीटरच्या वर आहे. भावाची गाडी तिथं हाताखाली घेतली तेव्हा दोन गोष्टी कळल्या. एक, तिचं इंजिन कुठंही अडखळत नव्हतं, मूठ पिळली की तत्काळ उत्तर येत होतं, धूर नव्हता, आयडलिंग सोलापुरात असतं तसं स्थिर. इनलेटमधला दाब मोजणारा सेन्सर आणि हवेचं तापमान सांगणारा सेन्सर मिळून संगणकाला हवा किती विरळ आहे ते कळवत होते आणि पेट्रोल तेवढंच कमी होत होतं. दुसरी गोष्ट, तिची ताकदही कमी झाली होती, बरीच. इंजेक्शनवाल्या गाडीला उंचीचा फरक पडत नाही असं जे कट्ट्यावर सांगितलं जातं ते खरं नाही. नसलेला ऑक्सिजन कोणताही संगणक आणून देऊ शकत नाही. चाळीस टक्के हवा गेली की साधारण तितकी ताकद जाते. फरक इतकाच की इंजेक्शनची गाडी उरलेल्या हवेत जितकं जाळता येईल तितकंच पेट्रोल घालते आणि म्हणून ती आजारी पडत नाही.

पांगच्या अलीकडे बर्फ वितळून आलेला नाला रस्त्यावरून वाहत होता. गोल गुळगुळीत दगडांवर भावाचं पुढचं चाक सरकलं आणि गाडी आडवी झाली. त्याला लागलं नाही. गाडी उचलली, बटण दाबलं, स्टार्टर फिरला पण इंजिन चालू होईना. त्याचा चेहरा उतरला. या गाड्यांमध्ये गाडी आडवी पडल्याचं ओळखणारा सेन्सर असतो. तो पंप आणि इंजिन बंद करतो, म्हणजे आग लागू नये. किल्ली बंद करून थोडं थांबायचं, पुन्हा चालू करायची. तसं केल्यावर पंपाचा झूं आवाज आला आणि गाडी चालू झाली. इतकं साधं, पण ज्याला हे माहीत नाही तो त्या थंडीत पाण्याच्या कडेला तासभर उभा राहील. इंजेक्शनवाल्यानं आधी आपल्या गाडीचं पुस्तक वाचलं पाहिजे, असं मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो.

पांगला मात्र असं काही बघितलं ज्यावर किल्ली फिरवून उपाय नव्हता. दक्षिणेकडचा एक मुलगा, इंजेक्शनची गाडी, किल्ली लावली की पंपाचा आवाजच नाही. त्यानं आदल्या दिवशी एका ढाब्यावरून कॅनमधलं पेट्रोल भरलं होतं. आम्ही फ्यूज तपासले, बॅटरी बदलून पाहिली, कनेक्टर काढून घातले. पंप मुका. आमच्याकडे स्कॅनर नव्हता आणि असता तरी त्यानं पंप मेला एवढंच सांगितलं असतं. शेवटी गाडी लेहला जाणाऱ्या पिकअपमध्ये चढवली. तिथं जर माझी गाडी असती तर वाटीचा स्क्रू सोडून घाण पेट्रोल सांडून दिलं असतं, जेट धुतला असता आणि निघालो असतो. हा कार्ब्युरेटरचा खरा फायदा आहे आणि तो खोटा ठरवता येत नाही.

पण तिथं उभं राहून मला दुसरीही बाजू दिसत होती. मोटरसायकलींच्या त्या सगळ्या रांगेत बंद पडलेली इंजेक्शनची ती एकच गाडी होती. बारालाचावर धापा टाकणाऱ्या कार्ब्युरेटरच्या गाड्या कितीतरी होत्या. एक पद्धत वारंवार त्रास देते, पण त्रास हातानं सुटतो. दुसरी क्वचित बिघडते, पण बिघडली की ट्रक लागतो. आणि त्या बिघाडांची कारणं बहुतेक वेळा दोनच असतात, बॅटरी आणि घाणेरडं पेट्रोल. दोन्ही टाळता येण्यासारखी. कॅनमधलं पेट्रोल भावाच्या टाकीत ओतताना आम्ही जुन्या धोतराचं धुऊन मऊ झालेलं कापड फनेलवर धरायचो. आमच्या गावचा टॉवेल त्यासाठी चालत नाही, त्याचे तंतू सुटतात.

जगात लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांनी हा वाद कधीच चालवून पाहिला आहे. १९८० साली आलेल्या बीएमडब्ल्यूच्या आर ८० जी/एस ला कार्ब्युरेटर होते. १९९४ च्या आर ११०० जीएस ला इंजेक्शन आलं. कावासाकीची केएलआर ६५० तर १९८७ पासून २०१८ पर्यंत कार्ब्युरेटरवर धावली, दक्षिण अमेरिका आणि मध्य आशिया तुडवणाऱ्या कित्येकांची ती गाडी. ती थांबली आणि २०२२ च्या मॉडेलमध्ये परत आली तेव्हा तिला इंजेक्शन होतं. सुझुकीची डीआर ६५० मात्र अमेरिकेत अजून कार्ब्युरेटरसह विकली जाते आणि तिच्यावर पृथ्वीप्रदक्षिणा करणारे आहेत. म्हणजे कार्ब्युरेटरवर जग फिरता येतं, हे सिद्ध झालेलं आहे. प्रश्न इतकाच की फिरताना आपल्याला किती वेळ गाडीशेजारी बसायचं आहे.

मोरे मैदान, टांगलांग ला, रुम्त्से, उपशी, कारू. लेहला पोचलो. परत खाली उतरल्यावर पहिलं काम म्हणजे कार्ब्युरेटर पुन्हा उघडून जुना मेन जेट परत घालणं. हे बरेच जण विसरतात. वरच्या हवेसाठी लहान केलेला जेट खालच्या दाट हवेत पेट्रोल कमी देतो. मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, पिस्टन जळण्यापर्यंत पाळी येते. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथं चालून जाईल. पण परत मनालीहून चंदीगडच्या उन्हात उतरताना तोच जेट राहिला तर गाडी वाटेत बसते. काळा धूर दिसतो, म्हणून माणूस सावध होतो. पातळ मिश्रण दिसत नाही. म्हणून मला ते जास्त धोक्याचं वाटतं.

सोलापूरला परत आल्यावर अण्णांनी माझा प्लग काढून बघितला, तपकिरी होता, समाधान झालं. भावाच्या गाडीला पुतण्यानं स्कॅनर लावला. गाडी पडली त्या दिवसाचा काही कोड मेमरीत राहिला असेल म्हणून शोधला. स्कॅनरवर एक आकडा आला, पण त्याचा अर्थ त्या स्वस्त स्कॅनरला सांगता येईना. तो अर्थ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या यंत्राला माहीत असतो. अण्णा बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिले. “शिकायला आमची ना नाही,” ते म्हणाले, “पण शिकवणारं पुस्तक कुठाय?”

त्या प्रश्नाला उत्तर मिळायला हवं. २०२३ च्या एप्रिलपासून दुचाकींमध्ये गाडी स्वतःचे बिघाड ओळखेल अशी ओबीडी-२ यंत्रणा सक्तीची आहे. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं आणि त्यात वाहनांचाही समावेश आहे. वाटेवर पाऊल पडलं आहे. पण पोर्टलवर नाव असणं वेगळं आणि शुक्रवार पेठेतल्या, केलांगमधल्या, लेहमधल्या गॅरेजात बिघाडांच्या कोडची यादी, वायरिंगचा नकाशा आणि पंपाचा सुटा भाग मिळणं वेगळं. कार्ब्युरेटरच्या काळात एक मोठी गोष्ट होती: सोलापूरच्या मिस्त्रीला जे येत होतं तेच लेहच्या मिस्त्रीला येत होतं, आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नव्हती. इंजेक्शन चांगलं आहे म्हणून ती गोष्ट सोडून द्यावी लागू नये. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती मोकळी करावी, आयटीआयमध्ये दुचाकीचं इंजेक्शन हाताला सवय होईपर्यंत शिकवलं जावं, आणि अण्णांसारख्या माणसाला त्या वर्गात बसायला वयाची आणि प्रमाणपत्राची अट आडवी येऊ नये.

माझा निकाल स्पष्ट आहे. लडाखसाठी नवी गाडी घेणाऱ्यानं इंजेक्शनचीच घ्यावी. तशी ती घ्यावीच लागणार आहे, पण मनानंही घ्यावी. निघण्यापूर्वी बॅटरी नवी घाला, फ्यूज आणि रिले जवळ ठेवा, टाकी कधी तळाला नेऊ नका, ढाब्यावरचं पेट्रोल कापडातून गाळल्याशिवाय ओतू नका, मोबाइलचा चार्जर रात्री गाडीला लावून ठेवू नका. ज्यांच्याकडे जुनी कार्ब्युरेटरची गाडी आहे त्यांनी ती लडाखसाठी म्हणून विकू नये. पेठेतल्या आपल्या मिस्त्रीकडे जाऊन एक पूर्ण दिवस खाली बसा, जेट आणि सुई स्वतःच्या हातानं काढा आणि घाला, आणि एक लहान जेट खिशात ठेवा. दोन्ही गाडीवाल्यांनी टांडीला टाकी आणि कॅन भरून घ्यावा. लेहच्या अलीकडे कारूलाही पंप आहे, पण हिशेब ३६५ किलोमीटरचाच धरावा.